लेटिशिया कार्सनची फिर्याद

कुलवृत्तांत वाचण्याची मला पुष्कळ वर्षांची आवड आहे. मूळ पुरुष कोणत्या गावचा, त्याच्या कोणत्या वंशजाने घाट चढून देशावर वस्ती केली, कोणाच्या वाट्याला कुळकर्ण आले, कोण कोणत्या सरदाराच्या पदरी राहून मोहिमेवर गेला, कोणत्या शाखेचा निर्वंश झाला आणि कोठे दत्तक घेतला गेला, ही सारी हकीकत अशा ग्रंथांत मोठ्या निष्ठेने संगृहीत केलेली असते; आणि ज्यांनी गावोगाव हिंडून, जुन्या याद्या ताडून, तीर्थोपाध्यायांच्या वह्या उलगडून ती जमविली, त्यांच्याविषयी माझ्या मनात केवळ कृतज्ञता आहे. तथापि हे ग्रंथ वाचीत असता एक उणीव मला सतत जाणवत राहते. त्यांतील स्त्री ही पतीच्या परिच्छेदातील एका ओळीपुरती असते: अमक्याची कन्या, सासरचे नाव हे, मुले इतकी. कन्या म्हणून जन्मलेली स्त्री विवाहानंतर या ग्रंथातून निघून जाते, आणि दुसऱ्या घराण्याच्या ग्रंथात शिरते ती बदललेल्या नावाने. आमच्या घराण्याच्या वृत्तांतात माझ्या पणजीला एकच ओळ मिळाली आहे, आणि तीही पणजोबांच्या मृत्यूची तिथी सांगता सांगता ओघाने आलेली आहे.

वंशवृक्षात न मावलेली स्त्री शोधावयाची तर कोठे शोधावी, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर फार दूरच्या एका देशातून, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगनमधून आले. त्या प्रांतात आपले पूर्वज राज्यस्थापनेच्या आधी, म्हणजे १४ फेब्रुवारी १८५९ च्या आधी, येऊन वसले होते असे सांगता येणे ही कुलीनतेची खूण मानली जाते, आणि त्यासाठी तेथील लोक जमिनीची दप्तरे, चर्चमधील नोंदी आणि खानेसुमारीचे तक्ते चाळीत वर्षेच्या वर्षे घालवितात. त्यांच्या कथेतील नायकही बहुधा पुरुषच: त्याने बैलगाडी हाकली, त्याने रान तोडले, त्याने जमीन मोजून घेतली. त्याच्या बाजूने चाललेल्या स्त्रीची स्मृती उरते ती तिला लिहिता येत असले आणि तिने वाटेत रोजनिशी ठेवली असली तर. अशा रोजनिश्या पुढे छापल्या गेल्या, आणि त्या वाचताना गाडीच्या चाकाखालची धूळ नाकातोंडात गेल्यासारखी वाटते. पण रोजनिशी जिने लिहिली नाही, किंबहुना जिला लिहू देणे हेच जिच्या जन्मभूमीतील समाजाला मान्य नव्हते, अशा एका स्त्रीचा माग काढला गेला तो निराळ्याच कागदांवरून. तिचे नाव लेटिशिया कार्सन.

तिचा जन्म १८१४ ते १८१८ च्या दरम्यान केंटकीमध्ये गुलाम मातेच्या पोटी झाला. १८४५ च्या मे महिन्यात ती डेव्हिड कार्सन नावाच्या एका आयरिश गृहस्थाबरोबर मिसुरीहून ऑरेगनकडे निघाली. सुमारे दोन हजार मैलांचा तो मार्ग पार करावयास पाच-सहा महिने लागत. बैलगाडीत पीठ, खारवलेले मांस, अवजारे आणि बियाणे यांची एवढी दाटी असे, आणि त्या गाडीला हादरे सोसवणारी कसलीच सोय नसल्यामुळे तीत बसणे इतके असह्य असे, की प्रकृती धडधाकट असलेली माणसे बहुतेक वाट पायीच तुडवीत. लेटिशिया त्या वेळी गरोदर होती आणि दिवस भरत आले होते. जून महिन्यात, प्लॅट नदीच्या वाटेवर, उघड्या माळावर तिला मुलगी झाली. तिचे नाव मार्था ठेवले. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, तिच्या उशाशी आई असते, शेकशेगडी असते, डिंकाचे लाडू असतात. लेटिशियाच्या मागे माहेर नव्हते आणि पुढे घरही नव्हते. गाड्यांच्या तांड्याला हिमवर्षावापूर्वी डोंगर ओलांडणे भाग असे, त्यामुळे कोणत्याही बाळंतिणीसाठी तो फार काळ थांबू शकत नसे. मार्थाला कुशीत घेऊन तिची आई पुढे निघाली आणि रॉकी पर्वत ओलांडून विलामेट नदीच्या खोऱ्यात पोहोचली.

ज्या प्रदेशात ती पोहोचली त्यावर त्या वेळी ब्रिटन आणि अमेरिका या दोघांचाही हक्क होता, आणि वसाहतवाल्यांनी स्थापलेले एक तात्पुरते सरकार तेथील कारभार पाहत होते. त्या सरकारने १८४४ मध्ये एक कायदा केला होता. त्या कायद्याने गुलामगिरी निषिद्ध ठरविली, परंतु त्याच कायद्याने स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही तो मुलूख सोडून जाण्याचे फर्मान काढले: पुरुषांना दोन वर्षांची मुदत, स्त्रियांना तीन वर्षांची, आणि मुदतीनंतर राहिल्यास फटके. ती फटक्यांची शिक्षा काही महिन्यांतच बदलली आणि १८४५ मध्ये हा कायदा अमलात येण्यापूर्वीच रद्द झाला, तरी त्यामागची वृत्ती गेली नाही. १८४९ मध्ये पुन्हा तशाच आशयाचा कायदा झाला, आणि १८५७ मध्ये राज्यघटनेसाठी मतदान झाले तेव्हा कृष्णवर्णीयांना राज्यात येण्यास बंदी करणारे कलम मतदारांनी प्रचंड बहुमताने मंजूर केले. ते कलम घटनेतून निघाले १९२६ साली. लेटिशियाचे ऑरेगनमधील सारे आयुष्य या कलमांच्या छायेत गेले, हे ध्यानात ठेवूनच पुढची हकीकत वाचली पाहिजे.

आजच्या कॉर्व्हॅलिस शहराच्या उत्तरेस सोप क्रीक नावाच्या ओढ्याचे एक खोरे आहे. तेथे डेव्हिड कार्सनने ६४० एकर जमिनीवर हक्क सांगितला, घर बांधले, आणि दोघांनी मिळून शेती व गुरांची पैदास चालविली. १८४९ मध्ये त्यांना ॲडम नावाचा मुलगा झाला. मग १८५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने ऑरेगनसाठी जमीनदानाचा कायदा संमत केला. त्यान्वये एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर मिळावयाचे आणि विवाहित असल्यास ६४०. विशेष हे की, या ६४० पैकी निम्मी जमीन पत्नीच्या स्वतःच्या नावे व्हावयाची होती. त्या काळात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने जमीन मिळणे ही असामान्य गोष्ट होती, आणि ऑरेगनमधील कितीतरी गोऱ्या पूर्वजांच्या स्त्रियांची नावे आज संशोधकांना आयती सापडतात ती याच कायद्याच्या दप्तरात. कार्सनचा हक्क मात्र ६४० वरून ३२० एकरांवर आला. कायद्याच्या लेखी तो अविवाहित होता.

या कमी झालेल्या ३२० एकरांपाशी मी फार वेळ थबकले. जमिनीच्या कागदावर लेटिशियाचे नाव कोठेही नाही. परंतु जी जमीन कागदावरून वगळली गेली ती नेमकी तिच्या हिश्शाची होती, आणि ज्याला वाचता येते त्याला तो वगळलेला आकडा तिच्याविषयी बरेच काही सांगतो. सात वर्षे एका पुरुषाबरोबर राहून, त्याची मुले वाढवून, त्याच्या गुरांचे दूध काढून ज्या स्त्रीने ते घर उभे केले, तिची गैरहजेरी सरकारने एकरांत मोजून ठेवली आहे. स्त्री-पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने अशा वजाबाक्या वाचावयास शिकले पाहिजे, असे मला वाटते.

१८५२ च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिड कार्सन अल्पशा आजाराने वारला. त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते. मयताच्या मिळकतीचा व्यवस्थापक म्हणून न्यायालयाने ग्रीनबेरी स्मिथ या शेजारच्याच एका धनाढ्य जमीनदाराची नेमणूक केली, आणि स्मिथने लेटिशियाला पत्नी आणि मुलांना वारस मानण्याचे नाकारून सारी मिळकत विक्रीस काढली. १८५३ च्या जानेवारीत लिलाव झाला. त्या लिलावात बोली लावणाऱ्यांमध्ये स्वतः लेटिशिया होती. ज्या भांड्यांत तिने सात वर्षे अन्न शिजविले त्यांपैकी काही भांडी, जे अंथरूण-पांघरूण तिच्याच घरात होते त्यातले काही, असे जिन्नस तिने पदरचे पैसे मोजून विकत घेतले. रक्कम शंभर डॉलरच्या वर गेली. तिची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि मुलगा जेमतेम तीन-चार वर्षांचा.

लिलावाची यादी हा साहित्यदृष्ट्या अत्यंत रुक्ष कागद असतो. जिन्नस, किंमत, घेणाऱ्याचे नाव, एवढेच त्यात असावयाचे. पण एखाद्या बाईच्या घराचा कानाकोपरा इतक्या बारकाईने दाखविणारा दुसरा कागद तिच्या साऱ्या आयुष्यात तयार होत नाही. तिची शेजारीण, जिचा नवरा जिवंत राहिला आणि जिचा संसार सुरळीत चालला, तिच्या घरात किती पातेली होती हे आज कोणीही सांगू शकणार नाही. लेटिशियाच्या घरातील सांगता येते, कारण ते घर मोडले.

लिलावानंतर ती मुलांना घेऊन दक्षिणेकडे डग्लस परगण्यात गेली आणि मजुरी करून राहू लागली. दुसरी एखादी स्त्री तेथेच काळाच्या उदरात नाहीशी झाली असती. परंतु १८५४ मध्ये तिने अँड्र्यू थेयर नावाच्या वकिलामार्फत स्मिथवर दावा लावला. तिचे म्हणणे असे होते की, आपण त्याच्याबरोबर राहून आयुष्यभर काम केल्यास आपल्याला वारस करीन असे वचन कार्सनने तिला दिले होते; ते वचन मिळकतीतून पुरे होत नसेल तर निदान सात वर्षांच्या श्रमांचे मोल तरी तिला मिळावे. स्मिथने उत्तर दिले की ती कार्सनची दासी होती, आणि दासीला वेतन मागण्याचा अधिकार नसतो. गुलामगिरी ज्या भूमीत कायद्याने निषिद्ध होती तेथे हा बचाव भर न्यायालयात मांडला गेला. जॉर्ज विल्यम्स या न्यायाधीशापुढे सुनावणी झाली. पंच सारे पुरुष होते आणि सारे गोरे. १८५५ मध्ये त्यांनी लेटिशियाच्या बाजूने कौल देऊन ३०० डॉलर आणि खर्च देवविला. तिने तेवढ्यावर समाधान मानले नाही. आपल्या मालकीची गुरे स्मिथने विकली याबद्दल तिने दुसरी फिर्याद केली, आणि १८५६ मध्ये तिला सुमारे १,२०० डॉलर मिळाले.

ज्या न्यायाधीशापुढे हे दावे चालले त्याच्याचपुढे १८५३ मध्ये रॉबिन आणि पॉली होम्स या कृष्णवर्णीय दांपत्याने नॅथॅनियल फोर्ड या आपल्या पूर्वीच्या मालकाकडून स्वतःची मुले परत मिळविली होती. पॉली होम्सचेही नाव आज इतिहासात आहे, आणि तेही न्यायालयाच्याच कागदांमुळे. या दोन कज्ज्यांचा एकत्र विचार करताना कोणी असे म्हणेल की, अन्याय झाला म्हणूनच या स्त्रिया आपल्याला ज्ञात झाल्या. मला हे मुळीच पटत नाही. अन्याय त्या प्रदेशात शेकडो स्त्रियांवर झाला असेल, आणि त्यांतील बहुतेकींचा मागमूसही उरलेला नाही. लेटिशिया उरली ती तिने फिर्याद केली म्हणून. प्रतिकूल कायदा, प्रतिकूल पंच, गाठीला पैसा नाही, कडेवर मूल, अशा अवस्थेत ती वकिलाच्या दारी गेली आणि आपली हकीकत तिने सांगितली, हे तिचे स्वतःचे कृत्य आहे. त्याचे श्रेय तिच्यावर अन्याय करणाऱ्याच्या पदरात घालणे योग्य होणार नाही. अर्जाची भाषा वकिलाची असते हे खरे. वाक्यांची ठेवण, कलमे, ‘सदरहू’ आणि ‘उपरिनिर्दिष्ट’ हे सारे त्याचे. पण किती वर्षे काम केले, कोणते वचन मिळाले, कोणती गुरे माझी, हा मजकूर वकील आपल्या पदरचा घालीत नाही. तो तिने तोंडाने सांगितलेला आहे, आणि शंभर-सव्वाशे वर्षे कागदाच्या गठ्ठ्यात पडून राहूनही तो तिचाच राहिला आहे.

पुढचा कागद अधिक आनंदाचा आहे. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी वसतिभूमीच्या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षांवरील कोणाही नागरिकाने, अथवा कुटुंबप्रमुखाने, सरकारी जमिनीच्या १६० एकरांवर पाच वर्षे राहून मशागत केली की ती जमीन त्याच्या मालकीची व्हावयाची होती. या कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, आणि विधवा स्त्रीला कुटुंबप्रमुख म्हणून अर्ज करता येत होता. प्रश्न होता नागरिकत्वाचा, कारण कृष्णवर्णीय हे नागरिकच नव्हेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉटच्या खटल्यात देऊन ठेवला होता. परंतु १८६२ च्या अखेरीस सरकारचे मुख्य विधिसल्लागार एडवर्ड बेट्स यांनी अमेरिकेत जन्मलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय हे नागरिक आहेत असा अभिप्राय दिला. १८६३ च्या जून महिन्यात लेटिशियाने साउथ मर्टल क्रीक येथील १६० एकरांसाठी अर्ज दाखल केला. अर्जात तिने आपण विधवा असून आपल्याला दोन मुले आहेत असे नमूद केले आहे. डेव्हिड कार्सनची पत्नी म्हणून ज्या राज्यव्यवस्थेने तिला कधीही ओळखले नाही, तिच्याच कागदावर ती त्याची विधवा म्हणून उभी राहिली, आणि यावेळी कोणी हरकत घेतली नाही.

१ ऑक्टोबर १८६९ रोजी, अध्यक्ष ग्रँट यांच्या कारकिर्दीत, तिच्या मालकीवर शिक्कामोर्तब झाले. साऱ्या देशात या कायद्याखाली पहिल्यांदा ज्या ७१ वसतिभूमींना मंजुरी मिळाली त्यांतील एक तिची होती. तोवर तिच्या जमिनीवर दुमजली घर होते, धान्य-चाऱ्याचे कोठार होते, मांस धुरवण्याची खोली होती आणि शंभरावर फळझाडे होती. फळझाडांचा हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. झाडे लावणारा माणूस पाच-दहा वर्षांच्या पुढचा विचार करीत असतो. ज्या बाईने एकदा आपले घर लिलावात जाताना पाहिले, तिने पन्नाशीच्या घरात आल्यावर पुन्हा शंभर झाडे लावली. २ फेब्रुवारी १८८८ रोजी ती वारली, आणि मर्टल क्रीकच्याच परिसरात तिला पुरले.

मागे, तिच्या आईकडे, जावयाचे म्हटले तर वाट लवकरच खुंटते, आणि ती का खुंटते हेही कागदच सांगतात. १८५० च्या खानेसुमारीपासून अमेरिकेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले. गुलामांसाठी मात्र वेगळा तक्ता होता, आणि त्यात मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढेच भरावयाचे असे. केंटकीतील हजारो स्त्रिया त्या तक्त्यांत अशा आहेत: तीस वर्षे, स्त्री, कृष्णवर्ण. जे गुलाम होते त्यांची नावे खानेसुमारीत सरसकट आली ती गुलामगिरी नष्ट झाल्यावर, १८७० मध्ये. कृष्णवर्णीय घराण्यांचा वंशशोध बहुधा त्या सालापाशी येऊन अडतो, आणि तेथून मागे जावयाचे झाल्यास मालकांच्या खरेदीखतांत आणि वारसाहक्काच्या वाटण्यांत, गुरे आणि नांगर यांच्या ओळीत, आपल्या आजीचे नाव शोधावे लागते. ज्यांना ते शोधावे लागते त्यांच्या मनाची अवस्था काय होत असेल याची कल्पना करणेही मला कठीण जाते.

पुढची वाट मात्र मोकळी आहे, आणि ती मुलीकडून जाते. प्रवासात माळावर जन्मलेल्या मार्थाने नार्सिस लॅव्हाडूर या फ्रेंच-कॅनेडियन आणि वाला वाला वंशाच्या गृहस्थाशी विवाह केला, आणि ते कुटुंब पूर्व ऑरेगनमधील उमॅटिला जमातींच्या राखीव प्रदेशात स्थिरावले. कार्सन हे आडनाव त्या शाखेने धारण केले नाही. आपल्या पद्धतीने कोणी या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला असता तर डेव्हिड कार्सनच्या नावाखाली पुत्र ॲडम लिहून मार्थाला ‘कन्या, विवाहित’ म्हणून सोडून दिले असते. आणि आज लेटिशियाची आपली पूर्वजा म्हणून आठवण ठेवणारे लॅव्हाडूर घराण्यातील वंशज त्या ग्रंथाच्या बाहेर राहिले असते. सोप क्रीकच्या खोऱ्याचा स्थानिक इतिहास जमवीत असताना बॉब झायबॅक आणि जॅन मेरांडा या संशोधकांनी लेटिशियाचे विखुरलेले कागद गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एकत्र केले, हे कार्सन आणि लॅव्हाडूर या दोन्ही घराण्यांवर त्यांचे मोठे उपकार आहेत. तिच्या पहिल्या घराची जागा आज ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या जमिनीत येते आणि तेथे पुरातत्त्वीय शोध चालू आहे. २०२१ मध्ये कॉर्व्हॅलिसमधील एका प्राथमिक शाळेला तिचे नाव देण्यात आले.

हे वाचल्यापासून कुलवृत्तांत हाती घेतला की माझे लक्ष वंशवृक्षाकडे न जाता परिशिष्टांकडे जाते. आपल्या इतिहासाच्या दप्तरांतही स्त्रिया कज्ज्यांच्या कागदांतच अधिक भेटतात: पतीमागे वतनाचा कारभार मागणारी विधवा, दत्तकाला हरकत घेणारी सून, भावाने स्त्रीधन दाबून ठेवले म्हणून गाऱ्हाणे घालणारी बहीण. पुढे इंग्रजी अमलात पोटगीचे दावे झाले, त्यांचे फैसले झाले, आणि अनेक घरांत त्या फैसल्यांच्या नकला ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसल्या. अगदी आपल्या डोळ्यांदेखत बहिणींनी करून दिलेली हक्कसोडपत्रे आहेत. फेरफाराच्या नोंदीत ज्यांची नावे एका वर्षी लागली आणि दुसऱ्या वर्षी कमी झाली अशा लेकी आहेत. हे कागद जपण्यात घरातील कोणालाच भूषण वाटत नाही, कारण त्यांत भांडण असते आणि बहुधा घरातीलच कोणाचा तरी दोष असतो. म्हणून वडीलधारे गेल्यावर घर आवरताना रद्दीत पहिल्यांदा तेच जातात, आणि मागे उरतात त्या जन्मपत्रिका, सनदा आणि पुरुषांची छायाचित्रे.

ज्यांच्या घरी कुलवृत्तांताचे काम चालू असेल त्यांना माझी विनंती आहे की, ग्रंथ छापखान्यात देण्यापूर्वी त्यांनी हे गठ्ठे एकदा सोडावेत, आणि ज्या फिर्यादीवर, ज्या जबानीवर, ज्या हक्कसोडपत्रावर आपल्या घराण्यातील एखाद्या बाईची सही किंवा अंगठा असेल, तो कागद तिच्या नावासह, जसाच्या तसा, ग्रंथात छापावा.